आईचे चित्र कोणी काढावे?

गेल्या पावसाळ्यात संपादकांनी आमच्याकडे एक जाडजूड पाकीट पाठविले. ‘आपल्या घरातील प्रेरणादायी स्त्री’ या विषयावर वाचकांनी धाडलेले लेख त्यात होते. त्यांतले छापण्याजोगे कोणते ते आम्ही पाहावे, अशी सोबतच्या चिठ्ठीत सूचना होती. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या धर्मगुरूला असे काम आवडावे यात नवल नाही. सायंकाळची मिस्सा आटोपली की आम्ही ते पाकीट घेऊन बसत असू. आठवडाभरात सारे लेख वाचून झाले आणि आम्ही एका चमत्कारिक अडचणीत सापडलो. लेख पंधरावीस होते, बाई मात्र एकच होती.

ही बाई कोंबडा आरवण्यापूर्वी उठते. सर्वांच्या मागून जेवते. पुष्कळदा जेवतच नाही. तिच्या तोंडून कधी तक्रार निघाली नाही, तिने कधी कोणाचे वाईट चिंतले नाही, नवऱ्याला उलट उत्तर दिले नाही. रात्री ती रोझरी म्हणते आणि शेवटी हसतमुखाने प्रभुचरणी विलीन होते. एका लेखातील नाव दुसऱ्या लेखात घातले असते तर लेखकालाही पत्ता लागला नसता. बरे, हे लेखक खोटे लिहीत होते असेही नाही. एका लेखाच्या शेवटच्या पानावर शाई पसरलेली होती, ती पावसाने खास नव्हे. जिच्यावर इतके प्रेम आहे तिचेच चित्र हातून उमटू नये, हे कसे घडते? या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला आणि मराठीतील काही जुनी पुस्तके आम्ही पुन्हा कपाटातून काढली. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

तत्पूर्वी एक कबुली. हा दोष इतरांच्या पदरी बांधण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमची आई गेली तेव्हा तिच्या मिस्साचा उपदेश आम्हीच केला. सेमिनरीत शिकलेले सारे अलंकार आम्ही त्या दिवशी वापरले. ती मेणबत्तीसारखी जळली, तिने आवाज म्हणून कधी चढविला नाही, असे आम्ही सांगितले. लोक रडले. दफनविधी आटोपून घरी आल्यावर आमची मावशी, आईची धाकटी बहीण, ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “अरे, तू कोणाचं सांगू राहिला व्हता? मला वाटलं, मी दुसऱ्याच कोण्या बाईच्या मातीला आले.”

मग तिने सांगितले. 1972 च्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर होती. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे, बाभळीला बांधलेल्या झोळीत. खड्ड्याचे माप घेताना मुकादमाने हात राखला आणि बायांची मजुरी कमी भरली. बाया कुरकुरल्या आणि पाट्या उचलून निघाल्या. आई मात्र परत खड्ड्यात उतरली आणि तेथेच बसून राहिली. पुन्हा माप धरल्याशिवाय मी वर येणार नाही, वाटल्यास मला येथेच पुरा, असे ती त्या मुकादमाला म्हणाली, आणि सोबत असे काही शब्द बोलली की ते मावशीनेही आमच्यापुढे उच्चारले नाहीत. दिवे लागणीला पुन्हा माप धरले गेले. साऱ्या टोळीची मजुरी भरून मिळाली. “आवाज चढवला नाही म्हणे!” मावशी म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

पन्नास वर्षांत ही हकीकत आमच्या कानी कधी आली नव्हती. अधिक खरे बोलायचे तर आम्ही कधी विचारलीच नव्हती. आम्हांस आई हवी होती. ती आई होण्यापूर्वी आणि आईपणाच्या बाहेर कोण होती, याची आम्हांस गरज वाटली नाही.

आता पुस्तकांकडे वळू. मराठी घरांत आईविषयीचे पुस्तक म्हटले की साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बहुतांशी लिहिलेले आणि 1935 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आमच्याकडे आलेल्या लेखांवर या पुस्तकाची छाया इतकी दाट आहे की काही लेखकांची आई मराठवाड्यातील असूनही कोकणातल्यासारखी बोलते. तेव्हा दोष साने गुरुजींचा, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण पुस्तक पुन्हा वाचले आणि मत बदलावे लागले.

आपण ‘श्यामची आई’ वाचतो ते अर्धेच. श्यामचे पाय मळू नयेत म्हणून ओला पदर धोंड्यावर पसरणारी आई आपल्या ध्यानात राहते. पण पोहण्याच्या भीतीने माळ्यावर दडून बसलेल्या मुलाला शिमटीने झोडपून विहिरीकडे पाठविणारी आईही त्याच पुस्तकात आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो तेव्हा घरातील पुरुष मान खाली घालून असतो, आणि संतापून पुढे येते ती ही बाईच. तिचा राग, तिचा मान, कर्जाखाली खचत गेलेल्या घरातला तिचा ताठपणा, हे सारे गुरुजींनी लिहून ठेवले आहे. आपण ते गाळून फक्त अश्रू उचलले. पुस्तकाच्या बेचाळीस रात्रींपैकी आपल्याला सोयीच्या तेवढ्याच रात्री आपण जागलो.

याच पुस्तकातील आणखी एका प्रसंगाशी आम्ही दर वेळी थांबतो. मोळी डोक्यावर चढवू न शकणारी एक म्हातारी महारीण वाटेत उभी आहे. श्यामची आई त्याला मोळी उचलून दे म्हणते, घरी येऊन अंघोळ कर म्हणते. त्या काळाच्या मानाने ही केवढी मोठी गोष्ट, हे आम्ही जाणतो आणि त्या माउलीला मनोमन वंदनही करतो. पण आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे ज्या वस्त्यांतून आली, त्या वस्तीतून हा प्रसंग वाचला म्हणजे नजर मोळी उचलणाऱ्या मुलाकडे जात नाही, म्हातारीकडे जाते. तीही कोणाची तरी आई होती. तिने घरी जाऊन त्या मोळीवर काय शिजविले, नातवंडांना काय सांगितले, वाटेतल्या त्या बामणाच्या पोराविषयी ती काय म्हणाली? ते आपल्याला कोणी सांगितले नाही, कारण तिच्या श्यामला पाटी मिळाली नव्हती.

पाटी मिळाल्यावर काय होते ते पुढे दिसलेच. 1986 साली बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आले. बेबीताई फलटणला आपल्या छोट्याशा दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहीत असत. त्यांच्या पुस्तकातील आया आणि सासवा वाचताना अंगावर काटा येतो. कारण त्या केवळ सोसत नाहीत, सोसायलाही लावतात. सुनेला छळणारी सासू ही स्वतः कालची छळलेली सून असते, हे बेबीताईंनी आडपडदा न ठेवता लिहिले. आपल्याच माणसांविषयी असे लिहिल्याने त्यांचा मान गेला, असे कोणास वाटत असेल तर त्याने ते पुस्तक पुन्हा वाचावे. त्या बायांचा एवढा आदर अन्य कोणी केलेला आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा मार्ग लेखनिकाचा. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या; ऐन तिशीत वैधव्य आले; शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचीत गेल्या. मुलगा सोपानदेव हे स्वतः नावाजलेले कवी. आईचे शब्द ते आणि त्यांचे एक मावसभाऊ वहीत उतरवून घेत. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर आली. पुढचे सर्वांना ठाऊकच आहे. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून त्यांचे नाव आहे.

सोपानदेवांना आईवर एखादी करुण कविता लिहिता आली असती, आणि ती चांगलीही झाली असती. त्यांनी तसे करण्याऐवजी आईच्या तोंडचे शब्द, तिच्या लेवा बोलीतल्या उच्चारांसह, जसेच्या तसे पुढे ठेवले. कवी असलेल्या मुलाला हे किती जड गेले असेल याची कल्पना ज्यांनी कधी चार ओळी लिहिल्या त्यांनाच यावी. आज सोपानदेवांच्या स्वतःच्या कविता फार थोडे वाचतात आणि आईची गाणी घरोघर आहेत. या हिशेबात त्यांचे काही बुडाले असे आम्हांस वाटत नाही. मात्र एक गोष्ट मनाला लागते: जी गाणी कोणी उतरवून घेतली नाहीत, ती गेली. वहीत आली तेवढीच उरली.

गाणी फक्त एकाच बहिणाबाईंनी रचली असेही नाही. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. आई, लेक, भाऊ, सासर, जातपात, पंढरी, आंबेडकर, काय नाही त्यांत! त्या ओव्यांचे वैशिष्ट्य असे की गाणारीचे नाव आणि गाव टिपून ठेवलेले आहे. आमच्या तालुक्यात पिठाच्या गिरण्या येऊन इतकी वर्षे झाली की जाते फक्त लग्नात हळद दळण्यापुरते निघते. त्यामुळे ज्यांना ओव्या येतात त्या बाया आज सत्तरीच्या पुढच्या आहेत. हे आम्ही साहित्यसमीक्षा म्हणून नव्हे, दफनाच्या नोंदवहीत सही करणारा माणूस म्हणून लिहितो.

तिसरा मार्ग सर्वांत अवघड, आणि आमच्या मते सर्वांत श्रेष्ठ: तिला स्वतःला बोलू देण्याचा. येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पुढे दुसरे पुस्तक उभे राहत नाही. लक्ष्मीबाई ख्रिस्ती, म्हणून आम्ही त्यांची बाजू घेतो असे कोणी समजू नये. पंथाने त्या आमच्या नव्हेत, आणि टिळकांच्या घरी आमच्या मंडळींविषयी फार जिव्हाळ्याने बोलले जात असेल असेही नाही. पण मराठी गद्यात इतके स्वच्छ आणि इतके हसरे पान दुसऱ्या कोणी लिहिले आहे काय, हे ज्याने त्याने पाहावे.

या पुस्तकाचा जन्मच आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधक आहे. 1919 साली रेव्हरंड ना. वा. टिळक गेले. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे मुलाला हवे होते वडील. आईने दिला तो आपला संसार. ‘संजीवनी’ मासिकातून त्या आठवणी क्रमशः येऊ लागल्या आणि 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूप झाल्या. 1936 च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या मागून निघाला. नातू अशोक टिळक यांनी पुढे या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. एका घरातील दोन पिढ्यांच्या पुरुषांनी एका स्त्रीच्या शब्दांसाठी कष्ट घेतले, आणि तेही तिच्या तोंडी आपले शब्द न घालता.

घालण्याचा मोह केवढा असेल! जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी अकराव्या वर्षी लग्न होऊन टिळकांकडे आली. 1857 च्या धामधुमीत घरातील माणूस फाशी गेल्यापासून वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड, ते पाहून मुलांची झालेली केविलवाणी आणि विनोदी दशा, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. बापाविषयी असे लिहावे काय, असे त्या काळी कोणास वाटले असेल. पुढे नवरा. टिळक थोर कवी, थोर आत्मा. आणि संसारात लहान मूल. हातात पैसा आला की तो कोणाच्या तरी गरजेला गेला; पाहुणे आले तर ते राहिलेच; राग आला तर घर डोक्यावर; न सांगता निघून जावे, आणि परत आल्यावर काही झालेच नाही असे वागावे. लक्ष्मीबाई हे सारे लिहितात, हसत लिहितात, आणि त्या हसण्यातून टिळकांविषयीची माया जराही कमी होत नाही. आमच्या पाकिटातील एकाही लेखात नवऱ्याला अशी हसणारी बायको नव्हती. जणू काही हसली तर तिचे पातिव्रत्य उणे पडले असते.

1895 च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो पत्नीला न कळविता. पुढची सुमारे पाच वर्षे नवरा-बायको वेगळी. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, पंढरपूरलाही राहिल्या. एखाद्या धर्मप्रचारकाने हा भाग लिहिला असता तर ‘पतीच्या मार्गातील सत्य तिला हळूहळू उमगले’ असे एक वाक्य लिहून तो पुढे गेला असता. आम्हीही तसेच केले असते, हे कबूल करतो. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. आपण कशा रडलो, कशा चिडलो, सोवळे कसे सोडवत नव्हते, दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यावरून मनात काय काय झाले, हे त्या एकेक करून सांगतात. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला तो प्रवचन ऐकताना नव्हे, स्वतःच्याच मनाशी भांडताना. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो या भांडणाच्या शेवटी. म्हणूनच त्यांची श्रद्धा वाचकाला पटते. परधर्मीय वाचकालाही पटते, आणि गेली नव्वद वर्षे हे पुस्तक साऱ्या महाराष्ट्राने आपले मानले ते यामुळेच. जिला शंका आली नाही, राग आला नाही, अशा बाईच्या श्रद्धेला वजन कशाचे?

आणि हीच बाई पतीने अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे 64 अध्याय लिहून पुरे करते, हेही विसरू नये. टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले होते. प्रेरणा कोणाकडून कोणाला मिळाली, हे या घरात ठरविणे कठीण आहे.

लक्ष्मीबाईंच्या आधी अडीचशे वर्षे असेच धाडस एका बाईने केले होते, आणि ते आमच्यापासून फार दूर नाही. संत बहिणाबाईंचा जन्म वेरूळच्या परिसरातील देवगावचा, समाधी शेजारच्या वैजापूर तालुक्यातील शिऊरची. जळगावच्या बहिणाबाई वेगळ्या. नावामुळे पुष्कळांची गल्लत होते, आमच्या एका लेखकाचीही झाली आहे. या बहिणाबाईंनी अभंगांतून आत्मचरित्र लिहिले. तुकारामांच्या या शिष्येला तिच्या वैदिक नवऱ्याने शूद्र गुरूच्या नादी लागली म्हणून मारले, सोडून जाण्याची तयारी केली. हे सारे तिने स्वतःच्या शब्दांत नोंदविले आहे. अंतकाळी मुलाला, विठोबाला, जवळ बसवून तिने आपले पूर्वजन्म सांगितले. ती कथा कोणी मानो न मानो. मुद्दा असा की मरणशय्येवरची आई बोलते आहे आणि मुलगा ऐकतो आहे. अहमदनगरशी निगडित असलेल्या अमेरिकन मिशनचे जस्टिन अॅबट यांनी 1929 साली या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. शिऊरला आम्ही एकदा गेलो होतो. समाधीपाशी असलेल्या एका वृद्धाने आमचा पांढरा झगा पाहून काही विचारले नाही, फक्त बसायला सतरंजी दिली.

मुलींनी आईविषयी काय लिहिले, हाही एक वेगळा धागा आहे. त्याला येथे धावता स्पर्शच करता येईल. पंडिता रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले इंग्रजी पुस्तक आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, स्मृतीस अर्पण केले. ती आई दुष्काळाने गांजलेल्या भटकंतीत 1874 साली गेली. रमाबाई तिला आठवतात त्या मुख्यतः गुरू म्हणून: पहाटे उठवून संस्कृत पाठ देणारी, शिकलेली, शिकविणारी. मुलाला आईचा हात आठवतो, या मुलीला आईची विद्या आठवली. आमच्या पाकिटातील लेखांपैकी मुलींनी लिहिलेले चारच होते, आणि एकाही मुलाने आपल्या आईला काय येत होते, हे लिहिलेले नाही. तिने काय सोसले एवढेच लिहिले.

आपल्या पवित्र ग्रंथाकडे पाहिले तरी ही सोशीक बाई कोठून आली याचा उलगडा होत नाही. नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातील गुणवती स्त्री शेत पाहते आणि विकत घेते, द्राक्षमळा लावते, विणलेले कापड व्यापाऱ्याला विकते. लग्नाच्या मिस्सात हा उतारा वाचताना आपण तिचे हात पाहतो, तिचा हिशेब पाहत नाही. शिवाय त्या अध्यायाच्या आरंभी स्पष्ट म्हटले आहे की ही लमुएल राजाच्या आईची शिकवण आहे. म्हणजे ते स्तवनही एका बाईच्या तोंडून आले आहे! संत पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आजीचे आणि आईचे नाव घेतो, लोईस आणि युनीके. ‘तुझी आजी’ एवढे म्हणून भागले असते.

पण या बाबतीत सर्वांत मोठा धडा संत अगस्तीनने दिला आहे. ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या नवव्या भागात त्याने आपल्या आईचे, संत मोनिकेचे, चित्र काढले आहे. ती 387 साली ओस्तिया बंदरात वारली. मुलगा बिशप झालेला, आई संतपदाच्या योग्यतेची. आणि हा मुलगा जगाला काय सांगतो? लहानपणी तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम असे, आणि घोट घोट चाखता चाखता पेलाभर पिण्याची सवय तिला लागली. पुढे भांडणात एका दासीने तिला दारूबाज म्हणून हिणविले तेव्हा ती ओशाळली आणि सवय सुटली. आमच्या धर्मग्रामात एखाद्याने आईच्या वर्षश्राद्धाला असे सांगितले असते तर भावकीने त्याला वाळीत टाकले असते. अगस्तीनला ते सांगावेसे वाटले, कारण तो आईचे पुतळ्यात रूपांतर करीत नव्हता; ती कोणत्या वाटेने चालत आली ते दाखवीत होता. शेवटी तो वाचकांना विनंती करतो की माझ्या आईची आणि वडिलांची वेदीपाशी आठवण ठेवा. पुतळ्याला प्रार्थनेची गरज नसते. माणसाला असते, म्हणून हे मागणे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या बायांना हयातीत कोणी चांगले म्हटले नाही, त्यांना मेल्यावर तरी निर्दोष म्हणू द्या. त्यांचे दोष आता चव्हाट्यावर कशाला? असे आम्हांस एका वृद्ध शिक्षकांनी विचारले. त्यांच्या आईला गावाने चेटकीण ठरविले होते. आम्ही त्यांना उत्तर देऊ शकलो नाही, आणि आजही सर्वांसाठी एकच नियम सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु ‘ती मेणबत्तीसारखी जळली’ असे म्हणताना काडी कोणी लावली, हा प्रश्न आपण सोयीने टाळतो, एवढे खरे. सोशीकपणाचे कौतुक करणारे बहुधा तेच असतात ज्यांच्यासाठी सोसले गेले. आमच्या घरात आई शेवटी जेवत असे, कारण आम्ही आधी जेवत होतो.

पाकिटातील एक लेख मात्र आम्ही संपादकांना आग्रहाने सुचविला आहे. अकरावीतल्या एका मुलीने आजीविषयी लिहिला आहे. अवघी दीड पाने, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. आजी मिश्री लावते आणि विचारले तर दात दुखतात म्हणते. जायकवाडीच्या पाण्यात गाव गेले तेव्हा घराच्या दाराची चौकट तिने बैलगाडीत घालून आणली; नव्या घराला ती बसली नाही, म्हणून आज तिच्यावर कोंबड्या बसतात; पण ती मोडू देत नाही. नातीला बारावीनंतर नर्सिंगला धाडायचे की नाही यावरून घरात वाद झाला तेव्हा आजी पोथीत ठेवलेले पैसे काढून ओट्यावर आपटून म्हणाली की हे माझ्या मातीचे पैसे आहेत, आता हिला द्या, मला चादरीत गुंडाळा. या दीड पानात ‘प्रेरणा’ हा शब्द एकदाही आलेला नाही. शुद्धलेखन संपादकांनी सुधारावे; चौकटीला आणि मिश्रीला हात लावू नये, अशी आमची विनंती आहे.

राहिला नावांचा प्रश्न. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे, असा नियम राज्य शासनाने केला आहे. चर्चच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आईच्या नावाचा रकाना पूर्वीपासून आहे, याचा आम्हांस अभिमान होता. तो रकाना पाहण्यासाठी आम्ही आमच्या मूळ धर्मग्रामात गेलो. आमच्या नावापुढे आईचे नाव आहे, पण ते स्नानसंस्कारातले. घरात तिला त्या नावाने कोणीच हाक मारली नाही. आमच्याकडे आलेल्या लेखांपैकी सात लेखांत तर आईचे नाव कोठेच नाही. ‘माझी आई’ एवढेच.

सध्या महिन्यातून एकदा आम्ही कायगाव टोक्याच्या बाजूला मावशीकडे जातो. प्रवरा आणि गोदावरी जेथे मिळतात तेथून तिचे घर हाकेच्या अंतरावर आहे. शंभर पानी वही नेतो. तिला ओव्या आठवतात त्या सलग नव्हे. भाकरी थापताना एक, शेळी बांधताना अर्धी. आम्ही काही दुरुस्त करू लागलो की ती गप्प होते. खड्ड्यातला तो प्रसंग तिने दोनदा सांगितला आहे आणि दोन्ही वेळा मुकादमाला म्हटलेले शब्द गाळले आहेत. “फादर माणसाला ते लिहिता यायचं न्हाई,” म्हणते. मागच्या खेपेस आम्ही विचारले, माहेरी आईला काय म्हणायचे? तिने सांगितले. आम्ही ते नाव वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिले. मावशीला अक्षरओळख नाही. तिने पदराला हात पुसले, वही आपल्याकडे ओढून घेतली आणि त्यातले पहिले अक्षर कोणते ते दाखव म्हणाली.